समुद्रपुष्पांचे अभ्यासक : फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस ह्यांचा जन्म इंग्लंडांत १८१० सालीं झाला. लहानशा जीवांतहि देवाची करणी दिसते, ह्या श्रद्धेनें त्यांनीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील समुद्रपुष्पें, म्हणजे फुलांसारखे दिसणारे अस्थिहीन प्राणी, अभ्यासिले व त्यांच्या जातींचें वर्गीकरण करणारा ग्रंथ १८६० सालीं पुरा केला. हे जीव कांचेच्या हौदांत जगविण्याची रीतहि त्यांनीं लोकांस शिकविली. परंतु परिणाम विपरीत झाला! हौशी लोकांच्या झुंडींनीं खडकांतील डबकीं ओरबाडून रिकामीं केलीं. गॉस ह्यांस त्याचें फार दुःख झालें. १८८८ सालीं ते निवर्तले. आज ठिकठिकाणीं सांडपाणी व तेल ह्यांनीं अशाच जीवांचा नाश होत आहे. सृष्टीची ओळख करून घेणाऱ्यानें तिचें रक्षणहि केलें पाहिजे, हा बोध आम्हांस ह्या चरित्रांतून मिळतो.