बेंजामिन फ्रँकलिन : पतंगाच्या आधीचे प्रयोग



सातवीच्या सामान्य विज्ञानातला 'स्थितिक विद्युत' हा पाठ शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. पतंगावर वीज पाडून घेणारा तो माणूस कोण? आणि लगेच दुसरा : आपणही तसं करून बघायचं का? आपल्या पनवेलमध्ये संक्रांतीचे पतंग आणि मांजा घराच्या माळ्यावर पडलेलेच असतात, त्यामुळे हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाची गोष्ट नीट सांगितली, तर उत्तर त्यातच मिळतं.

बेंजामिन फ्रँकलिन 17 जानेवारी 1706 रोजी अमेरिकेत बॉस्टनला जन्मला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. घरात सतरा भावंडं, हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं, दहाव्या वर्षी तीही सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला. तिथे स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, पंचांगासारखं वार्षिक पुस्तक असा जम बसवला. 1731 मध्ये मित्रांकडून वर्गणी काढून त्याने वाचनालय उभं केलं. विजेची गोष्ट सुरू होते ती याच वाचनालयात.

लंडनचे पीटर कॉलिन्सन या वाचनालयाला पुस्तकं पाठवत. 1746 च्या सुमारास त्यांनी एक काचेची नळी पाठवली. ती घासली की हलक्या वस्तू ओढल्या जात, ठिणग्या उडत. त्या काळी युरोपात हा खेळ दिवाणखान्यातल्या करमणुकीचा होता. चाळिशीतल्या फ्रँकलिनला मात्र या नळीने पुरतं झपाटलं. 1748 मध्ये छापखान्याचा रोजचा कारभार भागीदाराकडे सोपवून तो यातच रमला. गणित त्याला फारसं येत नव्हतं. हाताशी होतं ते मेण, बूच, रेशमी दोरा, बाटल्या आणि मित्र.

त्याचा एक प्रयोग बघा. दोन माणसं मेणाच्या जाड थरावर उभी करायची, म्हणजे अंगावरचा प्रभार जमिनीत जाणार नाही. पहिल्याने नळी घासायची, दुसऱ्याने त्या नळीवरून बोट फिरवून प्रभार घ्यायचा. आता जमिनीवरच्या तिसऱ्या माणसाने कोणाजवळही बोट नेलं तरी ठिणगी उडते. पण पहिल्या दोघांनीच एकमेकांना बोट लावलं तर ठिणगी जास्त जोराची, आणि त्यानंतर दोघांकडेही काहीच उरत नाही! फ्रँकलिनने यातून काढलेला अर्थ असा : घासण्यातून वीज नव्याने तयार होत नाही, एकाकडची दुसऱ्याकडे जाते. एकाकडे जास्त, दुसऱ्याकडे तेवढीच कमी. धन आणि ऋण ही नावं त्याने इथे वापरली. त्याआधी विजेचे दोन वेगळे प्रकार मानले जात.

धन कोणाला म्हणायचं हे त्याने अंदाजानेच ठरवलं. पुढे 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तो ऋण निघाला. त्यामुळे विद्युतधारेची दिशा एक आणि इलेक्ट्रॉनची उलटी, हे आपण मुलांना आजही समजावत बसतो.

मेणावर माणसं उभी करायची गरज नाही. हाच प्रयोग सेलोटेपने होतो. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, टोकाला थोडी दुमडून पकड ठेवा. टेबलावर एक पट्टी, तिच्यावर दुसरी चिकटवा. दोन्ही एकत्र उचला आणि पाठीवरून बोट फिरवा. कागदाच्या कपट्यांजवळ नेल्या तर कपटे जवळजवळ हलत नाहीत. आता झटकन एकमेकींपासून सोडवा. दोघी कपटे ओढतात आणि एकमेकींकडेही झेपावतात. पुन्हा नीट चिकटवा, जोर गेला! शेजारच्या गटाची वरची पट्टी आपल्या वरच्या पट्टीजवळ आणली तर त्या दूर पळतात. घरी चार-पाच पट्ट्या वाया जातील, जाऊ द्या.

दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा. फ्रँकलिनने कोरड्या बाटलीच्या तोंडावर लोखंडी गोळा ठेवला आणि शेजारी रेशमी दोऱ्याने गोटीएवढं बूच टांगलं. गोळा प्रभारित केला की बूच दूर ढकललं जाई. मग हातात दाभण धरून त्याचं टोक गोळ्याकडे नेलं, तर सहा-आठ इंचांवरूनच प्रभार नाहीसा होऊन बूच परत येई. बोथट वस्तू मात्र इंचभर जवळ न्यावी लागे, आणि तेव्हाही ठिणगी उडे. दाभण मेणाच्या मुठीत बसवलं तर काहीच होत नसे, कारण प्रभाराला जमिनीपर्यंत वाटच नाही. टोकाचा हा गुण आपल्या मित्राने, थॉमस हॉपकिन्सनने, आधी पाहिला हेही त्याने नोंदवून ठेवलं. तडितरक्षकाची कल्पना या दाभणातून निघाली. उंच टोकदार सळई आणि जमिनीत पुरलेली तार. आज आपल्याला माहीत आहे की सळई ढग रिकामा करत नाही, पडणाऱ्या विजेला सुरक्षित वाट देते.

विजेच्या झटक्याचा अनुभवही त्याला आला. 1750 च्या डिसेंबरमध्ये टर्की पक्षी विजेने मारायला गेला आणि झटका स्वतःलाच बसला. काही वेळ शुद्ध हरपली.

मग 1752 चा जून आणि तो पतंग. रेशमी रुमालाचा पतंग, वर टोकदार तार, खाली सुतळीसारखी दोरी, तिच्या शेवटी किल्ली आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत. सोबत मुलगा विल्यम, चित्रात लहान दिसतो पण तेव्हा विशीतला होता. पतंगावर वीज पडलीच नाही. पडली असती तर पुढची गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं. ढगाखालच्या प्रभाराने दोरीचे तंतू ताठ झाले आणि किल्लीतून ठिणगी आली, एवढंच. त्याच्या सुचवण्यावरून फ्रान्समध्ये सळई उभारून हेच महिनाभर आधी, 10 मे रोजी, दाखवलं गेलं होतं. ते त्याला अजून कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला असाच प्रयोग करताना प्राध्यापक रिखमान जागीच गेले. मुलांना रिखमान यांचं नावही जरूर सांगा.

पतंग उडवताना फ्रँकलिन छपराखाली उभा होता, कारण फीत कोरडी ठेवायची होती. दोरी भिजली की वीज वाहते, कोरडं रेशीम तिला अडवतं. आपला त्रासही तोच आहे. शाळा जूनमध्ये उघडते, पनवेलला खाडीची दमट हवा, पट्टीवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि प्रभार निसटतो. वर्गात कपटे उचलले गेले नाहीत की मुलं हिरमुसतात. पट्टी, स्ट्रॉ, कापड हेअर ड्रायरने कोरडं करून घ्या, किंवा पाठ शिकवून प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पुन्हा करा. फसलेला आणि जमलेला प्रयोग शेजारी ठेवला की भिजलेल्या दोरीचं काम मुलांना आपोआप कळतं.

तडितरक्षकाचं पेटंट त्याने घेतलं नाही. 1753 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. पुढे 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, फ्रान्समध्ये वकिली, 1787 ची राज्यघटना, हे सगळं इतिहासाच्या तासाला येईलच. याच माणसाच्या घरी गुलाम होते आणि म्हातारपणी तो गुलामगिरी संपवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही सांगा. 17 एप्रिल 1790 रोजी, 84 व्या वर्षी तो गेला.

पतंगाचा प्रयोग आपण करायचा नाही, हे वर्गात स्पष्ट बोला. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की मैदान, गच्ची, झाडाखालची जागा सोडून पक्क्या इमारतीत जायचं. कर्नाळ्याच्या सहलीला गेलात तर सुळक्याखालीही थांबायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर घेऊन ठेवा. आणि शाळेच्या गच्चीवर तडितरक्षक असेल तर त्याची तार कुठून खाली उतरते ते मुलांना शोधायला लावा, कोरड्या दिवशी.