दुर्गाबाई देशमुख : प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाला शासनाचे पाठबळ मिळवून देणाऱ्या समाजसेविका

स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या सदस्या, नियोजन आयोगाच्या सदस्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा म्हणून दुर्गाबाई देशमुख यांचे नाव देशाच्या सार्वजनिक जीवनात आदराने घेतले जाते. शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांना पुन्हा शिक्षणाची संधी मिळावी, हे शिक्षण त्यांच्याच गावातील वा शहरातील स्वयंसेवी संस्थांनी द्यावे आणि त्याच्या खर्चाचा भार शासनाने उचलावा, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष योजनेत उतरवला. त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. औपचारिक शिक्षण बालपणीच तुटल्यानंतर ते प्रौढ वयात जिद्दीने पूर्ण करणाऱ्या स्त्रियांपैकी त्या स्वतः एक होत्या.

बालपण आणि सार्वजनिक जीवनातील पदार्पण

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्र प्रांतातील राजमहेंद्री येथे झाला. त्यांचे बालपण काकीनाडा येथे गेले. त्या काळच्या रूढीप्रमाणे आठव्या वर्षीच त्यांचा विवाह करण्यात आला. मात्र जाणत्या वयात आल्यावर त्यांनी हा संबंध नाकारला आणि माहेरच्या मंडळींनी त्यांच्या निर्णयाला साथ दिली. इंग्रजी माध्यमाच्या सक्तीला विरोध म्हणून वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी शाळा सोडली. पुढे त्यांनी मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी हिंदीचे वर्ग चालवणारी बालिका हिंदी पाठशाळा सुरू केली. स्वतः विद्यार्थिनी असण्याच्या वयातच त्या शिक्षिका झाल्या होत्या.

१९२१ साली महात्मा गांधी काकीनाडा येथे येणार असल्याचे कळताच, देवदासी आणि बुरख्यातील मुस्लिम स्त्रियांना त्यांचे विचार ऐकता यावेत अशी दुर्गाबाईंची इच्छा होती. स्थानिक आयोजकांनी त्यासाठी पाच हजार रुपयांचा निधी जमवण्याची अट घातली. ती त्यांनी पूर्ण केली. सभेत गांधीजींच्या हिंदी भाषणाचा तेलुगू अनुवाद करण्याचे कामही त्यांनी केले. १९२३ साली काकीनाडा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर त्या स्वयंसेविका होत्या. तिकीट नसल्यामुळे त्यांनी जवाहरलाल नेहरू यांनाही आत सोडले नाही. दोन आण्यांचे तिकीट काढल्यानंतरच नेहरूंना प्रवेश मिळाला.

कारावास आणि शिक्षणाची नवी सुरुवात

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात मद्रास येथे भाग घेतल्याबद्दल दुर्गाबाईंना अटक झाली. १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीन वेळा कारावास भोगावा लागला. त्यातील काही काळ मदुराई येथील तुरुंगात एकांतवासात गेला. तुरुंगात त्यांना अनेक निरक्षर स्त्री कैदी भेटल्या. आपल्यावर कोणता आरोप आहे आणि आपला बचाव कसा करावा, याचीही या स्त्रियांना कल्पना नव्हती. शिक्षणाचा अभाव हा स्त्रीच्या आयुष्यात थेट अन्यायाचे रूप घेतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. कायद्याचा अभ्यास करण्याचा त्यांचा निश्चय याच अनुभवातून दृढ झाला.

मात्र कायद्याच्या पदवीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी मॅट्रिक होणे आवश्यक होते. तुरुंगातून सुटल्यानंतर विशीतल्या दुर्गाबाईंनी खासगीरीत्या अभ्यास करून बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा दिली. त्यानंतर आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्र विषयात त्यांनी पदवी संपादन केली. १९४२ साली मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवून त्यांनी मद्रास येथे वकिलीस प्रारंभ केला.

आंध्र महिला सभा

याच काळात, १९३७ साली, त्यांनी मद्रास येथे आंध्र महिला सभेची स्थापना केली. मुलींच्या एका छोट्या मंडळातून या संस्थेचा उगम झाला होता. बालविधवा, परित्यक्ता आणि घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटलेल्या स्त्रियांना बनारस विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेसाठी तयार करणारे वर्ग हे या संस्थेच्या आरंभीच्या कामांपैकी महत्त्वाचे काम होते. दुर्गाबाई स्वतः ज्या वाटेने गेल्या, तीच वाट त्यांनी इतर स्त्रियांसाठी खुली केली.

या वर्गांतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली म्हणजे, प्रौढ स्त्रीला शालेय अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी लहान मुलाइतकी वर्षे लागत नाहीत. जगण्याचा अनुभव आणि शिकण्याची निकड यांच्या बळावर ती थोड्या काळात बरेच अंतर तोडू शकते. दुसरी म्हणजे, अशा स्त्रीला केवळ पुस्तके देऊन भागत नाही. राहण्याची सोय, जेवणखाण, मुलांची देखभाल आणि शिक्षणानंतर मिळणारे काम यांचाही विचार करावा लागतो. या सर्वांसाठी पैसा लागतो आणि केवळ देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला तो नेहमीच अपुरा पडतो. शासकीय अनुदानाविषयीचे दुर्गाबाईंचे पुढील धोरण या अनुभवावर आधारलेले होते.

घटना समितीतून नियोजन आयोगाकडे

१९४६ साली दुर्गाबाई मद्रास प्रांतातून घटना समितीवर निवडून गेल्या. समितीच्या सभापतींच्या नामिकेवर असलेल्या त्या एकमेव महिला होत्या. न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य आणि स्त्रियांचे मालमत्तेवरील हक्क यांविषयी त्यांनी आग्रहाने भूमिका मांडली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र त्यांना यश मिळाले नाही. त्यानंतर पंतप्रधान नेहरू यांनी त्यांना नियोजन आयोगाच्या सदस्यत्वासाठी पाचारण केले. समाजकल्याण हा विषय त्यांच्याकडे आला.

त्या वेळी देशापुढील आव्हान मोठे होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे १८.३३ टक्के, तर स्त्रियांमध्ये ते ८.८६ टक्के होते. अनाथाश्रम, विधवाश्रम, शिवणवर्ग, साक्षरतावर्ग चालवणाऱ्या अनेक संस्था देशभर विखुरलेल्या होत्या; परंतु त्यांना नियमित आर्थिक आधार नव्हता. ही सर्व कामे शासनाने आपल्या हाती घ्यावीत की संस्थांकडेच ठेवून त्यांना मदत करावी, असा प्रश्न होता. दुर्गाबाईंनी दुसरा मार्ग स्वीकारला. संस्थांपाशी स्थानिक लोकांचा विश्वास आणि निष्ठावान कार्यकर्ते आहेत, ते नव्याने उभे करणे कोणत्याही शासकीय खात्याला साधणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या प्रयत्नांमुळे पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी समाजकल्याण संस्थांच्या साहाय्यासाठी ४ कोटी रुपयांची तरतूद झाली. हा निधी वितरित करण्यासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना करण्यात आली आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शासनाचा पैसा असूनही मंडळात समाजकार्यकर्त्यांचा मोठा सहभाग असावा, ही त्याच्या रचनेतील विशेष बाब होती. पुढील वर्षी राज्यांमध्येही सल्लागार मंडळे नेमली गेली. संस्थांची पाहणी करून त्यांची गरज आणि क्षमता ठरवावी, अनुदानाबरोबर संस्थेनेही काही वाटा उचलावा आणि खर्चाचा हिशेब द्यावा, अशी कामाची पद्धत रूढ झाली.

चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह

नियोजन आयोगातील कामाच्या निमित्ताने दुर्गाबाईंचा परिचय तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्याशी झाला. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. पंतप्रधान नेहरू हे या विवाहाचे एक साक्षीदार होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदाची धुरा सांभाळली. याच काळात एकाच घरात उच्च शिक्षणाच्या अनुदानाचा आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांच्या शिक्षणाचा विचार चालू होता.

प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम

पंचवार्षिक योजनांमुळे खेड्यापाड्यांत ग्रामसेविका, प्राथमिक शिक्षिका, परिचारिका आणि सुईणी यांची गरज वाढली. या कामांच्या प्रशिक्षणासाठी किमान शालेय शिक्षणाची अट होती आणि ग्रामीण भागात ती पूर्ण करणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. शहरातील शिक्षित तरुणी खेड्यात राहण्यास सहसा तयार नसत. दुसरीकडे, रोजगाराची अत्यंत निकड असलेल्या विधवा आणि परित्यक्ता गावातच होत्या. त्यांच्यापाशी केवळ प्रमाणपत्र नव्हते.

या दोन्ही गरजांची सांगड घालत १९५८ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षण अभ्यासक्रमाची योजना सुरू केली. साधारणतः २० ते ३५ वर्षे वयोगटातील, थोडेफार शिक्षण झालेल्या स्त्रियांना सुमारे दोन वर्षांत माध्यमिक किंवा मॅट्रिकच्या परीक्षेसाठी तयार करणे हे या योजनेचे उद्दिष्ट होते. वर्ग चालवण्याची जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर सोपवण्यात आली आणि खर्चासाठी मंडळाकडून अनुदान दिले जाऊ लागले. आंध्र महिला सभेच्या वर्गांचा अनुभव अशा रीतीने राष्ट्रीय योजनेच्या रूपाने देशभर पोहोचला.

त्याच वर्षी केंद्र सरकारने स्त्री शिक्षणाविषयी राष्ट्रीय समिती नेमली. दुर्गाबाई तिच्या अध्यक्षा होत्या. १९५९ साली सादर झालेल्या अहवालात समितीने स्त्री आणि पुरुष यांच्या शिक्षणातील दरी कमी करण्यासाठी स्त्री शिक्षणाकडे काही वर्षे विशेष प्रश्न म्हणून पाहावे आणि त्यासाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा, अशी शिफारस केली. त्यानंतर राष्ट्रीय स्त्री शिक्षण परिषद स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपदही दुर्गाबाईंकडेच आले.

अनुदान आणि स्वायत्तता

दुर्गाबाईंच्या धोरणासमोर अडचणीही आल्या. १९५४ पासून ग्रामीण भागात सुरू झालेल्या कल्याण विस्तार प्रकल्पांमध्ये बालवाडी, प्रसूतिसेवा, हस्तव्यवसाय आणि स्त्रियांसाठी साक्षरता यांचा समावेश होता. खेड्यात या कामासाठी पुरेशा संस्था नसल्यामुळे मंडळाला हे प्रकल्प स्वतःच्या यंत्रणेमार्फत चालवावे लागले. संस्थांना साहाय्य करण्यासाठी स्थापन झालेले मंडळ स्वतःच शासकीय खात्यासारखे काम करू लागले आहे, अशी टीका त्यामुळे झाली. पुढे या प्रकल्पांची सामुदायिक विकास कार्यक्रमाशी सांगड घालण्यात आली.

अनुदानावरील अवलंबित्व हा दुसरा प्रश्न होता. निधी वेळेवर आला नाही, तर शिक्षिकांचे मानधन थकते आणि विद्यार्थिनींचे वर्ष वाया जाते. निधीबरोबर नियमांची बंधने आली, तर संस्थेचा मूळ सेवाभाव कागदपत्रांत अडकून पडतो. शासन आणि संस्था यांच्यातील नाते मालक आणि नोकर असे न राहता भागीदारीचे असावे, यावर दुर्गाबाईंचा भर होता. संस्था चालवण्याचा आणि अनुदान देण्याचा, असा दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

उत्तरायुष्य

१९६२ साली दुर्गाबाईंच्या पुढाकाराने दिल्ली येथे सामाजिक विकास परिषद ही अभ्याससंस्था स्थापन झाली. समाजकल्याणाच्या योजनांचे मूल्यमापन संशोधनाच्या आधारे व्हावे, हा त्यामागील हेतू होता. दिल्लीतील अंध व्यक्तींच्या शिक्षण व पुनर्वसनाच्या कामातही त्यांचा सक्रिय सहभाग होता. चिंतामणराव १९६७ साली दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्यानंतर हे दांपत्य हैदराबाद येथे वास्तव्यास गेले.

हैदराबादमध्ये दुर्गाबाईंनी आंध्र महिला सभेच्या शैक्षणिक कामावर लक्ष केंद्रित केले. संस्थेच्या साक्षरता भवनात नवसाक्षरांसाठी वाचनसाहित्य तयार करणे आणि प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणे ही कामे होऊ लागली. साक्षरता प्रसाराच्या कार्याबद्दल त्यांना १९७१ साली नेहरू साक्षरता पुरस्कार प्रदान करण्यात आला. १९७५ साली दुर्गाबाई आणि चिंतामणराव या दोघांनाही पद्मविभूषण या किताबाने गौरवण्यात आले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १५ ते ३५ वयोगटातील सुमारे १० कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या या कार्यक्रमात स्वयंसेवी संस्थांना अनुदानाद्वारे महत्त्वाचे स्थान देण्यात आले होते. संस्थांमार्फत प्रौढ शिक्षण हा दुर्गाबाईंनी पाव शतकापूर्वी धरलेला आग्रह अशा प्रकारे राष्ट्रीय धोरणाचा भाग झाला.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जनगणनेत देशातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण अद्याप ३० टक्क्यांच्या आतच होते.

कार्याचा वारसा

त्यांच्या पश्चात १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आणि २००९ साली साक्षर भारत कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली केंद्राने २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी १०३७.९० कोटी रुपये खर्चाच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमास मंजुरी दिली. हा कार्यक्रम प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या सहभागावर आधारलेला आहे. स्वयंसेवकांची सेवा विनामूल्य असली, तरी प्रशिक्षण, साहित्य आणि वर्गाचे सातत्य यांसाठी निधीची गरज असतेच. प्रौढ शिक्षणाचे काम शासनाने किती करावे, समाजाने किती करावे आणि दोहोंमध्ये पैशाचा व्यवहार कोणत्या अटींवर व्हावा, हा १९५३ साली दुर्गाबाईंपुढे असलेला प्रश्न म्हणूनच आजही महत्त्वाचा ठरतो.

दिल्ली मेट्रोच्या एका स्थानकाला दुर्गाबाईंचे नाव देण्यात आले आहे. आंध्र महिला सभा आणि सामाजिक विकास परिषद या संस्था त्यांच्या कार्याची साक्ष देतात. संक्षिप्त अभ्यासक्रम पूर्ण करून शिक्षिका, परिचारिका किंवा ग्रामसेविका झालेल्या स्त्रियांनी आपापल्या गावांत जे काम केले, त्यातही या कार्याचे मोठे फलित आहे.