गोष्ट खेळणाऱ्यांच्या हाती सोपवणारा गॅरी गायगॅक्स

सन १९९७मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या 'फायनल फँटसी ७' या व्हिडिओ गेममधील एरिथ ही फुले विकणारी मुलगी खेळाच्या मध्यावरच मारली गेली आणि जगभरातील असंख्य खेळणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाचवण्याची एखादी गुप्त वाट खेळात दडलेली असेल, या आशेने अनेकांनी तो खेळ पुनःपुन्हा खेळून पाहिला. कादंबरीतली नायिका मरते तेव्हा वाचक हळहळतो. पण तिला आपण वाचवू शकलो असतो का, हा प्रश्न त्याला छळत नाही. खेळणाऱ्याला मात्र तो छळतो, कारण तोपर्यंतची वाट त्याने त्या पात्राबरोबर स्वतः चाललेली असते. खेळातल्या गोष्टीचे हे वेगळे बळ कोठून आले, याचा शोध घेत मागे गेले तर आपण अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात, एका घराच्या तळघरात पोहोचतो. ते घर होते गॅरी गायगॅक्स यांचे.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागो येथे झाला. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले व्हायोलिनवादक. रात्री झोपताना जादूगारांच्या आणि वीरांच्या गोष्टी सांगण्याची त्यांना हौस होती आणि ऐकणारा मुलगाही तसाच गोष्टीवेल्हाळ होता. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब शिकागो सोडून आईच्या माहेरगावी, लेक जिनिव्हाला राहावयास आले. तळ्याकाठच्या त्या गावात बंद पडलेले एक आरोग्यधाम होते. त्याच्या ओसाड खोल्यांतून आणि भुयारांतून भटकणे हा गॅरी आणि त्यांच्या मित्रांचा आवडता उद्योग. जोडीला बुद्धिबळ आणि स्वस्त मासिकांतील अद्भुत कथांचे अखंड वाचन. पुढे त्यांनी जे काही निर्माण केले, त्याचे सारे सामान या बालपणातच गोळा झाले होते.

शाळेत मात्र मन रमले नाही. १९५६मध्ये वडिलांचे निधन झाले आणि शिक्षण अर्ध्यावरच सुटले. नौदलाच्या मरीन दलातील भरतीही प्रकृतीच्या कारणास्तव अल्पकाळच टिकली. विसाव्या वर्षी विवाह झाला आणि संसाराचा भार आला. शिकागोच्या एका विमा कंपनीत जोखमीचा अंदाज बांधून विम्याचे दर ठरवण्याची नोकरी त्यांनी धरली. दिवसभर कोणाच्या वाट्याला कोणते संकट येण्याची शक्यता किती, याचे हिशेब मांडायचे आणि संध्याकाळी मित्रांसमवेत पटावरचे युद्धखेळ खेळायचे, असा त्यांचा दिनक्रम बनला. हे वेड इतके वाढले, की पतीचे बाहेर काही प्रकरण असावे या संशयाने पत्नी एकदा त्यांच्या मागावर गेली आणि ते मित्राच्या तळघरात नकाशांवर वाकून बसलेले आढळले, असा किस्सा सांगितला जातो. १९६८मध्ये पन्नास डॉलर भाडे भरून त्यांनी गावातील सभागृह घेतले आणि युद्धखेळ खेळणाऱ्यांचे संमेलन भरवले. 'जेन कॉन' नावाचे ते संमेलन आजही दरवर्षी भरते. फक्त आता त्याला हजारो लोक येतात.

१९७०मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली. घरात पाच मुले. गायगॅक्स यांनी बूट-चपला दुरुस्त करण्याचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहिण्याचे व्रत चालूच ठेवले. १९७१मध्ये 'चेनमेल' ही त्यांची मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका जेफ पेरेन यांच्यासह प्रसिद्ध झाली. शेवटी जोडलेल्या काही पानांत त्यांनी जादूगार आणि अजगरांनाही रणांगणात उतरवले होते.

ही पुस्तिका मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या तरुणाच्या हाती पडली आणि एक मोठी गोष्ट घडली. तोवरच्या युद्धखेळात एक खेळाडू म्हणजे एक सेनापती असे. शिशाचे शंभर सैनिक पडले तरी त्याच्या डोळ्यांत टिपूस येत नसे. आर्नेसन यांनी आपल्या 'ब्लॅकमूर' या खेळात प्रत्येक खेळाडूला एकच माणूस दिला. त्याला नाव होते, स्वभाव होता, जखमा सोसण्याची मर्यादा होती. तो तगला तर पुढच्या बैठकीत अधिक अनुभवी होऊन परत येत असे. मेला तर कायमचाच. १९७२च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ गायगॅक्स यांच्या घरी खेळून दाखवला. त्यातली शक्यता गायगॅक्स यांनी त्या एका रात्रीत ओळखली.

त्यांनी कागदावर एक भुयार आखले आणि पहिले खेळाडू म्हणून आपल्याच दोन मुलांना, एर्नी आणि एलिस यांना बसवले. मुले विंचवांशी लढली, पुढे सरकली आणि तांब्याच्या तीन हजार नाण्यांनी भरलेली पेटी त्यांच्या हाती लागली. पण ती इतकी जड की उचलून नेता येईना. मुले झोपल्यावर वडील टेबलाशी बसले आणि भुयाराचा दुसरा मजला आखू लागले. एके काळी त्यांचे वडील त्यांना गोष्ट सांगत. आता ते मुलांना सांगत होते. फरक एवढाच, की ही गोष्ट पुढे कोठे जाणार हे ऐकणाराही ठरवत होता. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. येथे त्या हुंकाराच्या जागी निर्णय आला.

खेळाची रीत साधी होती. एक जण सूत्रधार. तो समोरचे दृश्य शब्दांत उभे करतो. बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि यश की अपयश याचा निकाल फासे देतात. हे फासेच महत्त्वाचे. त्यांच्यामुळे सूत्रधारालाही शेवट ठाऊक नसतो. महिनोन् महिने जपलेले पात्र एका चुकीच्या पावलाने गमावते तेव्हा दोष लेखकावर टाकता येत नाही. पश्चात्ताप, अपराधीपणा, सोबत्यासाठी स्वतःला संकटात लोटण्याचा अभिमान या भावना प्रेक्षकाच्या नव्हेत, कर्त्याच्या आहेत. आयुष्यभर संकटांचे हिशेब मांडलेल्या माणसाने त्या हिशेबांना भावनेची धार दिली होती.

प्रकाशकांनी हा खेळ नाकारला. तेव्हा १९७३मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून स्वतःची कंपनी काढली. के यांनी त्यासाठी आयुर्विम्यावर कर्ज काढले. थोड्याच दिवसांत ब्रायन ब्लूम हे दोन हजार डॉलर घेऊन भागीदार झाले. जानेवारी १९७४मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. खोक्यात तीन पातळ पुस्तिका, लेखक म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन ही दोन नावे, किंमत दहा डॉलर. घरीच हाताने भरलेली हजार खोकी वर्षभराच्या आत संपली.

यश आले आणि त्याच्यासोबत दुरावाही आला. जानेवारी १९७५मध्ये डॉन के हृदयविकाराने अकस्मात वारले. त्यांचा हिस्सा ब्लूम कुटुंबाकडे गेला आणि आपल्याच कंपनीत गायगॅक्स अल्पमतात आले. पुढच्याच वर्षी आर्नेसन बाहेर पडले. सुधारित आवृत्तीच्या मानधनावरून त्यांनी १९७९मध्ये दावा लावला आणि तो १९८१मध्ये तडजोडीने मिटला. कल्पना कोणाची, हा वाद मात्र दोघांच्या चाहत्यांत पुढेही धुमसत राहिला. बीज आर्नेसन यांचे आणि ते रुजवून जगभर पोहोचवणारी मेहनत गायगॅक्स यांची, असे मानणेच न्यायाचे ठरेल.

खेळाची ही पकड पाहून पालकही धास्तावले. १९७९मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा खेळाच्या नादात तो भुयारात हरवला असावा, अशी चर्चा वृत्तपत्रांनी रंगवली. खेळाशी त्याचा संबंध नसल्याचे पुढे निष्पन्न झाले. पण संशयाचे भूत काही उतरले नाही. खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, असे धार्मिक गट सांगू लागले. १९८५मध्ये गायगॅक्स यांना दूरचित्रवाणीवर येऊन आपल्या निर्मितीचा बचाव करावा लागला. ज्या भावनिक गुंतवणुकीने खेळ मोठा केला, तीच आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

त्याच वर्षी दुसरा घाव बसला. खेळावरील कार्टून मालिकेच्या निमित्ताने ते हॉलिवूडमध्ये असताना इकडे कंपनी कर्जात बुडाली होती. परत येऊन त्यांनी सूत्रे हाती घेतली. पण ऑक्टोबर १९८५मध्ये समभागांच्या खरेदीतून कंपनीचा ताबा लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेला. न्यायालयातही गायगॅक्स हरले आणि १९८६च्या अखेरीस त्यांनी कंपनी सोडली. मुलांसाठी आखलेल्या त्या पहिल्या भुयाराभोवती उभे राहिलेले 'ग्रेहॉक' हे काल्पनिक जग कंपनीकडेच राहिले. स्वतःच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून ज्यांची नावे ठेवली होती अशी काही पात्रे तेवढी त्यांना आपली म्हणता आली. इतरांना गोष्टीचे मालक बनवणारा माणूस स्वतःच्या गोष्टीतून बेदखल झाला होता.

गोष्ट मात्र केव्हाच कागदाबाहेर पडली होती. १९७५मध्येच इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी संगणकावर भुयारे बांधली. विल क्राउदर हे संगणक अभियंते हा खेळ खेळत असत. घटस्फोटानंतर आपल्या दोन मुलींसाठी त्यांनी गुहेत भटकण्याचा एक शब्दखेळ रचला आणि त्यातून संगणकावरील साहसकथांची परंपरा सुरू झाली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे वेड लागलेल्या रिचर्ड गॅरियट यांनी शाळकरी वयात खेळ लिहायला घेतले आणि पुढे 'अल्टिमा' घडवला. १९८५च्या त्याच्या चौथ्या भागात राक्षसाला मारणे हे ध्येयच नव्हते. खेळाडूने सद्गुणी होणे हे होते. 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' यांच्यापासून स्फूर्ती घेऊन जपानमध्ये १९८६मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, पुढच्या वर्षी 'फायनल फँटसी' आला आणि त्या मालिकेच्या सातव्या भागात एरिथ मरण पावली. लेक जिनिव्हाच्या तळघरापासून तिच्यापर्यंतचा धागा असा सलग आहे. २०२३मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरलेला 'बाल्डर्स गेट ३' तर थेट गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्याच खेळाच्या नियमांवर उभा आहे.

स्वतः गायगॅक्स यांना संगणकाबद्दल मोठेसे प्रेम नव्हते. माणसे समोरासमोर बसल्याखेरीज जवळीक निर्माण होत नाही आणि पडद्यावरचे चित्र कल्पनेची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. व्हिडिओ गेम घडविणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या जणू या आक्षेपालाच उत्तर देत राहिल्या. आपण निवडलेल्या शब्दाने एखादे पात्र दुखावते आणि ते पुढे लक्षात ठेवते, अशी रचना संगणकावर आली, ती टेबलाशी बसलेल्या सूत्रधाराची उणीव भरून काढण्यासाठीच.

कंपनी गेली तरी गायगॅक्स यांनी लेखणी ठेवली नाही. नवे खेळ, कादंबऱ्या लिहीत राहिले. पण पूर्वीचे यश परतले नाही. १९९७मध्ये जुनी कंपनीच विकली गेली आणि नव्या मालकांशी त्यांचे संबंध सलोख्याचे झाले. २००४मध्ये पक्षाघाताचे झटके आले. तरीही लेक जिनिव्हातील घराच्या पडवीत, अखेरचे काही आठवडे सोडता, त्यांचे टेबल मांडलेले असे आणि फासे पडत असत. ४ मार्च २००८ रोजी वयाच्या ६९व्या वर्षी त्याच घरी त्यांचे निधन झाले. वर्षभराने, एप्रिल २००९मध्ये, आर्नेसनही गेले.

मालकी, मानधन, श्रेय यांचे वाद दोघांच्या हयातीत कधी पुरते शमले नाहीत. पण उचलवत नसलेली नाण्यांची पेटी सोडून जायचे की नाही, हे ठरवताना एका रात्री दोन मुलांच्या मनाची जी उलघाल झाली, तीच आज पडद्यासमोर बसणाऱ्या कोट्यवधी माणसांची होते. गायगॅक्स यांच्या वाट्याला जगाने दिलेले नाव, संपत्ती येत-जात राहिली; ही उलघाल मात्र कोणत्याही करारनाम्याने त्यांच्याकडून काढून घेता आली नाही.