पुण्यात बसून मृग नक्षत्रातला वायू तपासणारे कावसजी नेगामवाला

हिवाळ्यातल्या रात्री सक्करदरा तलावाजवळून वर बघितलं, तर नागपूरच्या झगमगाटातही मृग नक्षत्रातले एका रेषेतले तीन तारे ओळखू येतात. त्यांच्या थोडं खाली एक धूसर ठिपका आहे. तो बघायला मात्र शहराबाहेरचा अंधार लागतो.

हा ठिपका म्हणजे सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर असलेला वायूचा ढग. त्यात आजही नवे तारे जन्माला येतायत. १८९१ साली पुण्यातले एक प्रोफेसर याच ढगाचा प्रकाश तपासत होते. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नेगामवाला.

१८५७ साली जन्मलेले कावसजी १८८२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५ हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. कावसजी १८८४ मध्ये इंग्लंडला जाऊन आले आणि १८८८ पर्यंत पुण्यात वेधशाळा उभी राहिली.

इंग्लंडमध्ये त्यांना नॉर्मन लॉकयर यांचं मार्गदर्शन मिळालं होतं. ‘नेचर’ साप्ताहिक सुरू करणारे हेच लॉकयर. त्यांचं म्हणणं असं, की हे ढग म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि त्यांच्या प्रकाशातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची. तसं असतं तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. कावसजींनी पुन्हा पुन्हा पाहिलं. रेषा दरवेळी बारीक आणि रेखीवच निघाली. ज्यांनी वाट दाखवली त्यांच्याच सिद्धांताला हे निरीक्षण छेद देत होतं, तरी कावसजींनी ते छापलं.

ती रेषा नेमकी कशाची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सांगितलं. ती होती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. अशा इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूला आयनीभूत वायू म्हणतात.

ताऱ्याच्या जन्मातही या वायूचा मोठा वाटा असतो. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. ताऱ्याजवळ पोचलेला वायू तापून आयनीभूत होतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला धरून ठेवतं. मग तो चुंबकीय रेषांवरून घसरत, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने ताऱ्यावर कोसळतो. जिथे आदळतो तिथे प्रचंड उष्णता आणि अतिनील प्रकाश निघतो. तारा वाढतो तो असा.

पुढे पुण्याच्या वेधशाळेत २० इंची दुर्बीण आली. भारतात तेव्हा तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला कावसजी आपली टीम घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. कावसजी १९३८ मध्ये वारले.

एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली ही संस्था त्याच्याबरोबरच निवृत्त झाली. तिथे पाहिलेली ती हिरवी रेषा मात्र आजही तितकीच रेखीव दिसते.