सवयींचा माग काढणारे डॉ. खानोलकर

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णाला तंबाखू खाता का, विडी-सिगारेट ओढता का, हे विचारले जातेच. या साध्या प्रश्नाला आपल्याकडे शास्त्रीय वजन मिळवून देण्यात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा मोठा वाटा आहे.

खानोलकरांचा जन्म १८९५ मध्ये क्वेट्टा येथे झाला. लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहून ते थांबत नसत. हा माणूस काय खातो, काय ओढतो, कसे कपडे घालतो, याचीही ते नोंद घेत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसोबत त्यांनी सवयींशी जोडलेले तीन कर्करोग जगापुढे मांडले. चुना मळलेल्या तंबाखूची चिमूट खालच्या ओठाच्या आत धरणाऱ्यांना तिथेच कर्करोग होत होता. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना तो टाळूला होत होता. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचामुळे कमरेवर होणारा कर्करोग हा तिसरा. रोगाची जागाच सवयीकडे बोट दाखवत होती. कर्करोग म्हणजे केवळ नशिबाचा फेरा नव्हे, त्यातला बराचसा टाळता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर संशोधन पेशीच्या आत शिरले. कर्करोग घडवतात ती मुख्यतः तंबाखूतील नायट्रोसामाइन्ससारखी रसायने. निकोटिन व्यसन लावते. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. पेशींवरील ग्राहकांना चिकटून ते जगा, वाढा असे संकेत आत धाडते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. केमोथेरपी किंवा रेडिएशनने मरायला हवी अशी कर्कपेशी त्यामुळे तग धरू शकते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटायलाही निकोटिन मदत करते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातला प्राणवायू घटवतो आणि रेडिएशनचा परिणाम प्राणवायूवर बराच अवलंबून असतो.

आता रोग झालाच आहे, मग तंबाखू सोडून काय उपयोग, असे अनेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक म्हणतात. हा समज घातक आहे. उपचार सुरू असतानाही धूम्रपान करत राहणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने काढला आहे. जखमाही उशिरा भरतात. म्हणून निदानानंतर तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. सोडताना निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी वापरायची का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. तंबाखू चालू ठेवण्यापेक्षा तो मार्ग बरा ठरू शकतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

खानोलकरांनी सवय विचारली ती रोगाचे मूळ शोधण्यासाठी. आज तोच प्रश्न रुग्णाचा उपचार वाया जाऊ नये म्हणूनही विचारला जातो. त्याचे खरे उत्तर देणे रुग्णाच्याच हिताचे आहे.