आधी नृत्य, मग मौन : ओशोंचा उलटा क्रम

मन शांत करण्यासाठी आधी शरीराला मनसोक्त नाचू द्यावे, ही कल्पना आज दिल्ली-गुरुग्राम परिसरातील ध्यानकेंद्रांतही रुळली आहे. तिला मिनिटांचे गणित आणि ठरावीक रूप देणाऱ्यांत ओशो ऊर्फ आचार्य रजनीश यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या प्रयोगांची मुख्य भूमी मात्र पुणे हीच होती.

चंद्रमोहन जैन हे त्यांचे मूळ नाव. ११ डिसेंबर १९३१ रोजी मध्य प्रदेशातील कुचवाडा येथे त्यांचा जन्म झाला. बालपण आजोळी गेले. १९५७ मध्ये सागर विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम. ए. झाल्यानंतर त्यांनी अध्यापन केले. १९६६ मध्ये जबलपूर येथील नोकरी सोडली आणि पूर्णवेळ व्याख्यानांना वाहून घेतले.

१९७० मध्ये त्यांनी सक्रिय ध्यानाची पद्धत मांडली. दडपलेला राग, दुःख आणि ताण घेऊन वावरणाऱ्या आधुनिक माणसाला एकदम आसनावर बसवले, तर त्याच्या आतील खळबळ शमण्याऐवजी वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून त्यांनी क्रमच उलटा केला. तासाभराच्या या ध्यानात १० मिनिटे वेगवान, अनियमित श्वसन, १० मिनिटे रडणे, ओरडणे, हसणे अशा मार्गांनी भावनांचा मुक्त निचरा आणि १० मिनिटे उड्या. त्यानंतर असेल त्या स्थितीत १५ मिनिटे पूर्ण निश्चल राहायचे आणि अखेरची १५ मिनिटे नाचायचे. नटराज ध्यानात तर ४० मिनिटे डोळे मिटून नृत्य आणि त्यापाठोपाठ २० मिनिटे निःस्तब्ध पडून राहणे असते. ताल-तोड्यांचा हिशेब किंवा प्रेक्षकांची दाद यांना तेथे स्थान नाही. कीर्तनात देहभान हरपून नाचणारे वारकरी महाराष्ट्राला परके नव्हते. परंतु वारकऱ्यासमोर विठ्ठल असतो, येथे समोर कोणीच नव्हते.

२१ मार्च १९७४ रोजी ते पुण्यात आले. कोरेगाव पार्कमधील आश्रमाकडे युरोप-अमेरिकेतील तरुणांचा ओघ सुरू झाला. जर्मन संगीतकार डॉयटर यांनी या ध्यानांसाठी संगीत रचले. मात्र भावनांना मोकळी वाट देण्याच्या तत्त्वाची दुसरी बाजूही येथेच दिसली. आश्रमातील काही उपचारगटांत हाणामारी होऊन माणसे जखमी झाली आणि अखेर १९७९ मध्ये त्या प्रकारांना आळा घालावा लागला. निचऱ्यानंतरची निश्चलता हा या पद्धतीचा कणा होता. त्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष झाले, असे म्हणावे लागते.

१९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले. ओरेगॉनमध्ये अनुयायांनी वसवलेली वसाहत वादग्रस्त ठरली. १९८४ मध्ये तेथील काही प्रमुख अनुयायांनी उपाहारगृहांतील अन्नात जंतू मिसळल्याने ७५१ जण आजारी पडले. स्थलांतरविषयक गुन्ह्यांच्या प्रकरणात १९८५ मध्ये ओशोंना अमेरिका सोडावी लागली. अनेक देशांनी प्रवेश नाकारल्यावर जानेवारी १९८७ मध्ये ते पुण्यात परतले.

प्रकृती खालावल्याने एप्रिल १९८९ नंतर त्यांची प्रवचने थांबली. सायंकाळी ते सभामंडपात येत, संगीत सुरू होई, मग सारे स्तब्ध बसत. १९ जानेवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले. पार्थिव थोडा वेळ त्याच मंडपात ठेवण्यात आले आणि त्याच रात्री अनुयायांनी गात, नाचत ते स्मशानात नेले.