खोक्यातली डबक चाळ

विहारातल्या लहान मुलांना बाबासाहेबांविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते. संविधान लिहिले, निळा कोट, हातात पुस्तक. उत्तर बरोबरच आहे. पण परळमध्ये वाढणाऱ्या मुलालाही हा माणूस आपल्याच भागात वीस वर्षांहून अधिक काळ चाळीत राहिला हे ठाऊक नसते. म्हणून रविवारच्या बालवर्गात आम्ही भाषण बंद केले आणि बाबासाहेबांचे चरित्र एका चित्रपुस्तकातून व टाकाऊ खोक्यांतून सांगायला घेतले.

पुस्तक आहे ‘भीमायन’. नवयानने ते २०११ साली काढले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्याची चित्रे काढली आहेत. साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आणि विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी! मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून आम्ही चित्रे दाखवतो आणि गोष्ट मराठीत सांगतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. आई भीमाबाई लवकर गेल्या. बालपण साताऱ्यात गेले. १९०१ साली भावंडांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, तर जात कळताच गाडीवान गाडी हाकेना. दुप्पट भाडे घेऊनही तो खाली उतरला, गाडी मुलांनाच हाकावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. या पानांवर वर्ग शांत होतो. पुढे बडोदा, महाड, चाळीसगाव, दौलताबाद येते. पुस्तकाचा भर पाणी, निवारा आणि प्रवास यांवर आहे. मुंबईतली घरे मात्र आम्ही मुलांकडून करून घेतो.

पहिले घर म्हणजे बुटांचा एक खोका. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. बाटलीच्या दोन झाकणांचे जाते, काड्यांचे सरपण, मातीची चूल, पुठ्ठ्याची शेळी. हो, शेळीसुद्धा त्याच खोलीत होती. एवढे सगळे मांडल्यावर मुलेच विचारतात, मग भीमराव झोपायचे कुठे आणि वाचायचे कुठे? तेव्हा आम्ही रामजींची युक्ती सांगतो. मुलाला ते लवकर झोपवत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आपण आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लेकींकडे जात आणि त्यांचे दागिने गहाण ठेवायला मागून आणत. बाप सुभेदार होता एवढेच आपण सांगत आलो. तो कसा बाप होता, हेही सांगायला हवे.

शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. एकदा गुरुजींनी भीमरावांना फळ्याशी बोलावले, तर वर्गातली मुले फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून ते काढायला धावली. शाळा सुटल्यावर ते गिरगावजवळच्या चर्नी रोड बागेत वाचत बसत. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराला सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बाबासाहेबांना बुद्ध पहिल्यांदा भेटला तो या पुस्तकात. केळुसकरांचे नाव आपल्या कार्यक्रमांत फारसे निघत नाही, ही आमची तक्रार आहे. पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. पूर्ण झाले.

दुसऱ्या घरासाठी दोन खोके जोडायचे. पोयबावडीची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, दोन खोल्या. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. मागे संसार रमाईंनी ओढला. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. हे मुलांना सांगावे का, यावर आमच्यात वाद झाला. आम्ही सांगतो.

रिकाम्या काडेपेट्यांना वर्तमानपत्र चिकटवले की पुस्तके होतात. न्यूयॉर्कात त्यांनी जुनी पुस्तके ढिगाने घेतली होती. १९१७ साली परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडवली गेली. इथे आम्ही मूठभर काडेपेट्या पाण्याच्या बादलीत टाकतो. मुलांना आपण केलेली पुस्तके बुडताना बघवत नाहीत. काही जण हात घालून ती बाहेर काढतात.

मग उरलेल्या काडेपेट्यांनी दादर हिंदू कॉलनीतले राजगृह भरायचे. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिलेले हे घर पुस्तकांसाठीच बांधले होते. २७ मे १९३५ रोजी रमाई तिथेच गेल्या. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ७ डिसेंबरला याच राजगृहातून अंत्ययात्रा निघून दादर चौपाटीवर पोहोचली.

वर्ग घेणाऱ्या मित्रांसाठी थोडे व्यवहाराचे. थर्माकोल नको. गोंदाऐवजी मैद्याची खळ पुरते. कात्री मोठ्यांनी धरावी. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलमागे रिकामे खोके पडलेले असतात. ते मागून घेतले की वर्षभराची घरे होतात.